‘दर आठ दिवसांनी’: एका बचत गटाच्या इंग्रजी पत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात महिलांचा बचत गट मिनी डाळ मिल चालवतो. मशीन अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या बनावटीचं, म्हणजे सगळे ज्याला ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ म्हणतात तेच. तूर गावातलीच. डाळ 30 किलोच्या पोत्यात भरायची आणि तालुक्याच्या दुकानांना द्यायची, असं दोन हंगाम चाललं. मग तमिळनाडूतल्या एका घाऊक व्यापाऱ्याने नमुना मागवला, त्याला तो पसंत पडला आणि त्याने लेखी प्रस्ताव मागितला. त्याच्याकडे ना मराठी चालत होती, ना हिंदी. पत्र इंग्रजीतच लागणार होतं.

ते लिहिलं गटाच्या सचिवांच्या भाचीने. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावशीने मराठीत सांगायचं आणि तिने इंग्रजीत उतरवायचं, अशा पद्धतीने एका संध्याकाळी पानभर पत्र झालं. व्यवहार सरळ होता. आठवड्याला 40 पोती म्हणजे 1,200 किलो, बारा क्विंटल. दर सव्वाशे रुपये किलो, म्हणजे पोत्याला 3,750 आणि एका खेपेचे दीड लाख. गाडी व्यापारी पाठवणार होता आणि भरून देणं गटाकडे होतं.

पत्रातल्या चुका साध्या होत्या. त्यांतल्या दोन चुकांनी मात्र दोन खेपा आणि एक ओळख पणाला लावली. त्या दोन्ही चुका स्पेलिंगच्या नव्हत्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडलं आहे.

अडचण कशी समोर आली

पहिली गाडी ठरल्याप्रमाणे सोमवारी, 4 तारखेला आली. पुढच्या सोमवारी, 11 ला, पोती शिवून ओट्यावर लावून ठेवली, पण गाडी आलीच नाही. ती 12 ला आली. ‘एक दिवस उशीर झाला असंल’ म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर 18 ला पुन्हा तयारी झाली आणि गाडी आली 20 ला, बुधवारी. बुधवार गावच्या आठवडी बाजाराचा. हमाल सगळे बाजारात. 40 पोती बायांनीच उचलून भरली.

त्या रात्री सचिवांनी गाडीवाल्याला फोन करून चांगलंच सुनावलं. त्याने शांतपणे आपल्याकडच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. व्यापाऱ्याने दिलेल्या तारखा अशा होत्या: 4, 12, 20, 28.

गाडी एकदाही उशिरा आली नव्हती. प्रत्येक तारखेत बरोबर आठाचं अंतर होतं, कारण पत्रात लिहिलं होतं ‘एव्हरी एट डेज’.

याच सुमारास व्यापाऱ्याची दुसरी तक्रार आली. पहिल्या खेपेतली काही पोती मागच्या हंगामाच्या डाळीची निघाली होती. गटाला हे खटकलं, कारण ते तर पत्रात आधीच सांगितलं होतं. पत्रातली ओळ होती ‘फ्यू बॅग्ज आर फ्रॉम लास्ट सीझन’.

पत्र समोर ठेवून

भाचीने पत्राची प्रत गावातल्या एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांकडे नेली. मावशी सोबत होत्याच.

“सर, दर आठ दिवसांनी सोमवार येते ना? मंग आमचं चुकलं काय?”

सर म्हणाले, “ताई, बोटावर मोजा. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत.”

मावशींनी अंगठ्याच्या पेरापासून सुरुवात केली. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी, सोम. आठ झाले.

“आता आजचा सोमवार सोडून मोजा.”

सात झाले. मावशी हाताकडे पाहत राहिल्या. भाचीच्या चेहऱ्यावर आधी उजेड पडला.

मराठीत आपण आजचा दिवसही मोजतो आणि तो दिवसही मोजतो, म्हणून आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो. शब्दच मुळी ‘आठवडा’ आहे. ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणणारा डॉक्टर दोन आठवड्यांनीच बोलावत असतो. यात चूक काही नाही. फ्रेंच लोकसुद्धा आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतात. इंग्रजीची मोजणी मात्र अंतराची आहे. तिथला ‘फोर्टनाइट’ हा शब्द ‘चौदा रात्री’ यापासून आला. आपल्या पंधरवड्याला ते चौदा म्हणतात, इतका हा फरक जुना आहे. म्हणून मराठीतला ‘आठ’ इंग्रजीत नेताना ‘एट’ होत नाही, ‘वीक’ होतो. ‘वन्स अ वीक’ किंवा ‘एव्हरी मंडे’. पंधरा दिवसांचं ‘एव्हरी टू वीक्स’.

‘वन्स अ वीक’ मधला ‘अ’ इथेच पाहून घ्यावा. हा ‘अ’ म्हणजे आपला ‘दर’. किलोला सव्वाशे म्हणजे ‘125 रुपीज अ किलो’, दिवसाला दोनदा म्हणजे ‘ट्वाइस अ डे’, तासाला साठ म्हणजे ‘सिक्स्टी ॲन अवर’. तो गाळला की वाक्य लंगडतं.

दुसरी चूक याहून बारीक होती, आणि तीच जास्त महागात पडू शकली असती. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत फक्त एका ‘अ’चा फरक दिसतो, पण बोलणाऱ्याचा रोख उलटा होतो. ‘अ फ्यू बॅग्ज’ म्हणजे थोडी पोती आहेत. नुसतं ‘फ्यू बॅग्ज’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, असली तर एखाद-दुसरं. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’चंही तसंच: ‘देअर इज लिटल मॉइश्चर’ ही मालाची स्तुती आहे, ‘देअर इज अ लिटल मॉइश्चर’ ही कबुली आहे. मावशींनी सांगितलं होतं, “थोडे पोते मागच्या सालचे आहेत.” व्यापाऱ्याने वाचलं, जुनी पोती जवळपास नाहीत. प्रत्यक्षात 40 पैकी 9 होती. त्याला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचं काही चुकत नव्हतं.

तिसरी चूक सुदैवाने आकड्याने झाकली गेली. ‘सव्वाशे’चं भाचीने ‘हंड्रेड अँड क्वार्टर’ केलं होतं. त्याचा अर्थ शंभर रुपये पंचवीस पैसे. शेजारी 125 असा आकडा होता म्हणून किलोमागे जवळजवळ पंचवीस रुपये वाचले. आपले पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे हे शब्द फार सोयीचे आहेत, पण पुढे ‘शे’, ‘हजार’ किंवा ‘लाख’ लागला की ते त्या शब्दाचा भाग मोजतात: पाऊणशे म्हणजे 75, सव्वाशे 125, पावणेदोनशे 175, सव्वादोनशे 225, अडीचशे 250. इंग्रजीत यांना एका शब्दाचे जोडीदार नाहीत. आधी आकडा लिहायचा, मग तो आकडा इंग्रजीत वाचायचा. शब्दावरून शब्दावर उडी मारायची नाही.

जिथे अपूर्णांकच सांगायचा असेल तिथे मधला ‘अ’ सुटता कामा नये. ‘वन अँड हाफ’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण बरोबर आहे ‘वन अँड अ हाफ’. पुढचं नाम अनेकवचनी येतं, ‘वन अँड अ हाफ क्विंटल्स’. अर्धा एकर ‘हाफ ॲन एकर’, पाऊण एकर ‘थ्री-क्वार्टर्स ऑफ ॲन एकर’, अर्धा डझन ‘हाफ अ डझन’. उलट ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’, ‘डझन’ यांच्यामागे नेमका आकडा असेल तर त्यांना ‘एस’ लागत नाही: ‘टू हंड्रेड बॅग्ज’, ‘फाइव्ह डझन’. नेमका आकडा नसेल, शेकडो किंवा हजारो म्हणायचं असेल, तेव्हाच ‘हंड्रेड्स ऑफ’, ‘थाउजंड्स ऑफ’. ‘30 किलोचं पोतं’ यात किलो विशेषणाच्या जागी बसतो, म्हणून तो एकवचनीच राहतो: ‘अ थर्टी-किलो बॅग’.

पर्याय

पत्र दुरुस्त करायचं हे ठरलं. कसं, यावर बैठकीत बराच वेळ गेला.

फोनवरच्या भाषांतराच्या ॲपला मराठी मजकूर द्यावा, असं एकीने सुचवलं. सरांनी तिथल्या तिथे करून दाखवलं. ‘दर आठ दिवसांनी गाडी पाठवा’ याचं ॲपने ‘एव्हरी एट डेज’च केलं. मराठीत जे लिहिलं तेच त्याने दिलं. आपल्या ‘आठ’च्या मनात सात आहेत हे त्याला त्या एका वाक्यातून कळायला मार्ग नव्हता. ॲपचं व्याकरण भाचीपेक्षा बरं होतं, पण नुकसान व्याकरणाने झालंच नव्हतं.

तालुक्याच्या टायपिंग सेंटरवर पैसे देऊन लिहून घ्यावं, असाही विचार झाला. तिथे भाषा सुधारली असती, पण ‘थोडे पोते’ म्हणजे किती, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नसता.

तिसरा पर्याय वाक्यं कमी करण्याचा होता. जिथे मोजमाप आहे तिथे आकडा, तारीख आणि वार. शब्दांत फक्त रक्कम. आणि पाठवण्याआधी एकदा सरांची नजर. हाच निवडला.

खरा वाद वेगळ्याच गोष्टीवर झाला. चूक आपली होती हे व्यापाऱ्याला सांगायचं का? कोषाध्यक्षांचं मत पडलं की नवीन पत्र पाठवावं आणि जुन्याबद्दल बोलूच नये. कबूल केलं तर तो दर पाडेल, ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. सचिवांचं म्हणणं होतं की जुन्या पोत्यांचा संशय तसाच राहिला तर दर नाही, गिऱ्हाईकच जाईल. शेवटी सांगायचं ठरलं. हा निर्णय योग्य होता. चूक शब्दाची होती, हेतूची नव्हती, आणि हे वेळेवर सांगितलं तरच समोरच्याला पटतं.

काय केलं

आधी एक छोटा संदेश गेला, पाच वाक्यांचा: ‘वुई मेड अ मिस्टेक इन अवर लेटर. वुई मेन्ट वन्स अ वीक, एव्हरी मंडे. द नेक्स्ट पिक-अप इज ऑन मंडे द ट्वेंटी-फिफ्थ. नाइन ऑफ द फॉर्टी बॅग्ज इन द फर्स्ट लॉट वेअर फ्रॉम लास्ट सीझन. वुई शुड हॅव गिव्हन यू द नंबर.’

यातलं ‘नाइन ऑफ द फॉर्टी’ नीट पाहण्यासारखं आहे. ‘द’ लागला की ‘ती, आपल्या दोघांना माहीत असलेली’ चाळीस पोती असा अर्थ होतो. ‘सेंड फॉर्टी बॅग्ज’ म्हणजे कोणतीही चाळीस. ‘सेंड द फॉर्टी बॅग्ज’ म्हणजे ठरलेली तीच चाळीस. मराठीत हे काम ‘ती’ करते किंवा नुसता संदर्भ करतो, म्हणून ‘द’ कुठे टाकायचा हे आपल्याला आतून जाणवत नाही आणि मग सुरक्षिततेसाठी तो सगळीकडे टाकला जातो. जुन्या पत्रात ‘द तूर दाल इज गुड फॉर द हेल्थ’ होतं. सर्वसाधारण तूर डाळीबद्दल बोलताना दोन्ही ‘द’ नकोत. ‘द तूर दाल वुई सेंट ऑन मंडे’ इथे मात्र हवाच.

त्यानंतर पूर्ण पत्र नव्याने लिहिलं आणि तेव्हा ‘अ’ की ‘ॲन’चा गुंता निघाला. भाचीला नियम पाठ होता: ए, ई, आय, ओ, यू आले की ‘ॲन’. त्याच नियमाने तिने ‘ॲन युनिट’, ‘ॲन यूपीआय नंबर’, ‘अ एसएचजी’ (सेल्फ-हेल्प ग्रुप, म्हणजे बचत गट), ‘अ अवर’ आणि ‘अ 11-मंथ ॲग्रीमेंट’ लिहिलं होतं. सगळे चुकीचे. नियम लिहिलेल्या अक्षराचा नाही, कानाला येणाऱ्या पहिल्या आवाजाचा आहे.

इथे आपली देवनागरी फार कामाला येते, आणि शाळेत हे सांगितलं जात नाही याचं वाईट वाटतं. शब्द जसा उच्चारतो तसा देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. युनिट ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिट’. ‘वन’ला ‘व’ आहे, म्हणून ‘अ वन-इयर ॲग्रीमेंट’. अवर, ऑनेस्ट हे स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. एसएचजी ‘ए’ने, म्हणून ‘ॲन एसएचजी’. एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थांचा परवाना देणारी सरकारी संस्था: अक्षरं सुटी वाचली तर ‘ॲन’. काही जण त्याला ‘फसाई’ म्हणतात, त्यांच्यासाठी ‘अ’. दोन्ही बरोबर, कारण कान दोन आहेत. आकड्यांचंही हेच: 8, 11, 18, 80 ते 89, 800, 8,000, 11,000 असे जे आकडे वाचताना ‘एट’, ‘इलेव्हन’, ‘एटीन’ किंवा ‘एटी’ने सुरू होतात त्यांना ‘ॲन’, बाकी सगळ्यांना ‘अ’. 1,100 तुम्ही ‘इलेव्हन हंड्रेड’ वाचलं तर ‘ॲन’, ‘वन थाउजंड वन हंड्रेड’ वाचलं तर ‘अ’.

मात्र आपल्या भागात या युक्तीला दोन खाचा आहेत. आपण ‘एक’ला ‘येक’ म्हणतो, त्याच सवयीने एस.टी.ची ‘यस्टी’ होते, एम.ए.चं ‘यम्ये’. तसं लिहिलं की समोर ‘य’ येतो आणि ‘अ यसएचजी’ बरोबर वाटायला लागतं. म्हणून सरांनी बारा अक्षरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिली: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. संक्षेप यांतल्या एकाने सुरू झाला आणि अक्षरं सुटी वाचली, तर ‘ॲन’. उरलेल्या चौदांना ‘अ’, यूसुद्धा त्यांतच. दुसरी खाच उलटी आहे. वर्षाला आपण ‘इयर’ म्हणतो आणि कानालाही ‘इयर’. इंग्रजीत वर्षाच्या शब्दाला सुरुवातीला ‘य’ आहे, म्हणून ‘अ इयर’. कानाला तो नाही, म्हणून ‘ॲन इअर’. हा एक शब्द पाठच करावा.

पत्राच्या शेवटी वाक्यांऐवजी तारखांचा तक्ता दिला: वार, तारीख, पोती, वजन किलोत. ‘दहा-बारा’, ‘दोन-चार’ असले अंदाज काढून टाकले. ‘टू-फोर बॅग्ज’ने ‘दोन-चार पोती’चा अर्थ पोचत नाही. फोनवर बोलताना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ एकमेकांत मिसळतात, म्हणून आकडा सुटा सांगायचं ठरलं: ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह’.

परिणाम

व्यापाऱ्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सोमवार त्याला मान्य होता. 9 जुन्या पोत्यांसाठी त्याने किलोला 5 रुपये कमी मागितले, म्हणजे पोत्याला 150 आणि एकूण 1,350. गटाने ते कबूल केलं. पहिल्या खेपेचं बिल 1,48,650 वर मिटलं. बिलावर अक्षरी रक्कम भाचीने स्वतः लिहिली: ‘वन लाख फॉर्टी-एट थाउजंड सिक्स हंड्रेड अँड फिफ्टी रुपीज ओन्ली’. ‘फॉर्टी’च्या स्पेलिंगमध्ये तिने ‘फोर’मधला यू घातला होता, तो सरांनी काढायला लावला. बाकी सगळं बरोबर होतं.

25 ची गाडी सोमवारीच आली आणि हमाल हजर होते.

भाचीचे ‘द’ अजून जास्तीचे पडतात. ते एका महिन्यात सुटणारं नाही, वाचन वाढेल तसं सुटेल. त्याने व्यवहार अडत नाही, म्हणून त्यावर आत्ता वेळ घालवला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त उपाय पहिल्याच दिवशी हाताशी होता. पत्र पाठवल्यावर व्यापाऱ्याला एवढंच विचारायचं होतं की पहिल्या चार गाड्यांच्या तारखा कळवा. 4, 12, 20, 28 हे उत्तर पाहून कोणीही थांबलं असतं. दुसरी संधी 12 तारखेला होती. गाडी एक दिवस उशिरा आली तेव्हा ते सोडून देण्याऐवजी गाडीवाल्याला ‘तुमच्याकडे काय लिहिलंय’ असं विचारलं असतं, तर बाजाराच्या दिवशी बायांना पोती उचलावी लागली नसती.

जुन्या पोत्यांबाबत ‘अ फ्यू’ लिहिलं असतं तरी अर्धंच काम झालं असतं. अर्थ बरोबर पोचला असता, पण 9 की 3 हे तरी कळलं नसतंच. मोजलेली गोष्ट शब्दात कशाला सांगायची? आकडा होता, तो लिहायला हवा होता.

आणखी एक गोष्ट कामाच्या वाटणीची आहे. मावशी सांगत होत्या आणि भाची उतरवत होती. अर्थ काय होतो हे विचारायची जागा मध्ये कुठेच नव्हती. भाचीला ‘थोडे म्हणजे किती, मावशी?’ असं विचारता आलं असतं, पण लिहिणाऱ्याने प्रश्न विचारायचे असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पैशांबद्दल बोलणं निघालं. व्यापाऱ्याने लिहिलं, ‘पेमेंट इन फिफ्टीन डेज’. मावशींनी आधी बोटं मोजली, मग भाचीकडे पाहिलं. भाचीने लगेच उत्तर टाकलं: ‘व्हिच डेट, प्लीज?’